डागदराच्या घरचे लंगोट

आमच्या शेजारच्या घरातला माणूस डाग काढायचा. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात लॉन्ड्री आहे, तिथे तो बरीच वर्षं कामाला आहे. चादरीवरचा कॉफीचा डाग वेगळा, लिपस्टिकचा वेगळा, रक्ताचा वेगळा. रक्ताला गरम पाणी लागलं की तो डाग कायमचा बसतो, हे मला त्यानेच सांगितलं. लॉन्ड्रीतली पोरं त्याला 'डागदर' म्हणायची. एकदा त्यांच्यातला एक जण त्याला शोधत आमच्या मजल्यावर आला आणि "डागदर इथंच राहतात ना?" असं मोठ्याने विचारून गेला. तेव्हापासून जिन्यातही तेच नाव रूढ झालं. वरच्या मजल्यावरचे आजोबा तर त्याला आपला गुडघा दाखवायला निघाले होते. त्यांना अर्ध्या जिन्यातून परत न्यावं लागलं.

उंच, थोडा वाकलेला माणूस. हात सतत पाण्यात, त्यामुळे बोटांची टोकं म्हाताऱ्या माणसासारखी सुरकुतलेली आणि नखं पांढरीफटक. स्वतःबद्दल विचारलं तर "चाललंय" एवढंच. पण कपड्यांचा विषय निघाला की बोलत सुटायचा. माझ्या नवऱ्याच्या कॉलरवर शाई सांडली होती तेव्हा त्याने ती एवढ्या आनंदाने बघितली, की कोणाला वाटावं आम्ही त्याच्यासाठी मुद्दाम सांडून आणली आहे.

त्याची बायको नर्स. परदेशातल्या हॉस्पिटलात जायचं हे तिचं लग्नाआधीपासूनचं ठरलेलं. त्यासाठी परीक्षा दिल्या, भाषा शिकली, दोनदा नकार पचवले. आणि निवड झाली ती नेमकी मुलगी चार महिन्यांची असताना. तारीख पुढे ढकलायची सोय नव्हती. ढकलली असती तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आहे. त्या आठवड्यातली त्यांची भांडणं आम्हाला ऐकावी लागली. आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो, मग ते आपला आवाज वाढवायचे.

"जा तू. मी बघतो तिला."

"तुला नाही जमायचं."

"अगं, अख्ख्या हॉटेलाचं धुणं जमतं, एवढीशी पोरगी नाही जमणार?"

"ती धुणं आहे का?"

त्यावर तो हसला असावा, कारण नंतर तीही थोडं हसली. मग तिचा आवाज खाली आला, तरी ऐकू आला. "हे बघ, मी जाते. पण तिला काही झालं ना, एकदा जरी, तर ती ताईकडे जाईल. मग मला 'एक संधी दे' वगैरे म्हणायचं नाही. तिकडे बसून माझा जीव टांगणीला लागेल, ते मला झेपणार नाही."

ताई म्हणजे तिची मोठी बहीण. रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर, दुसऱ्या गावी राहायची. तिची मुलं मोठी झालेली, घर ऐसपैस, हाताशी वेळ. बाळ आमच्याकडेच ठेवा, असं ती पहिल्यापासून म्हणत होती, आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकत नव्हतं. पण डागदराला मुलगी हवी होती. दुसरं काही तो मागत नव्हता. बायको विमानतळावर निघाली त्या दिवशी तो जिन्यात मुलीला कडेवर घेऊन उभा होता आणि जो भेटेल त्याला सांगत होता, "आता आम्ही दोघं."

मुलीचं नाव काहीतरी छान होतं, पण सगळे तिला ठकी म्हणायचे. लाकडाच्या बाहुलीसारखे गोल, न हलणारे डोळे. रडायची कमी. बघायची फार.

माझा मुलगा तिच्यापेक्षा थोडासाच मोठा. दोघंही मागच्या गल्लीतल्या एकाच पाळणाघरात जायची. पाळणाघराच्या काकू शिस्तीच्या. दारातच सांगायच्या, "इथे डायपरच. कापडी लंगोट चालणार नाहीत. डझनभर पोरं आहेत माझ्याकडे, बादल्या कुठे ठेवू? डोक्यावर?" त्यामुळे आमच्या दोन्ही घरांत अर्धा-अर्धा कारभार होता. दिवसा पाळणाघरात डायपर, संध्याकाळपासून सकाळपर्यंत आणि सुटीच्या दिवशी कापडी लंगोट. मी ते केलं ते भीतीपोटी. कुठेतरी काहीतरी वाचते आणि मग माझा डोळ्याला डोळा लागत नाही, असा माझा स्वभाव आहे. त्याने ते केलं, कारण तो कापडावर विश्वास ठेवणारा माणूस होता.

"दिवसभर प्लास्टिकात कोंडलेलं अंग," तो म्हणायचा, "घरी आल्यावर तरी कापड नको का, वहिनी? कापडाला श्वास असतो."

आमच्याकडे लंगोट सासूबाई धुवायच्या. साधा साबण, दोन पाणी, खिडकीबाहेरची दोरी. वाळले की पापडासारखे कडक. डागदराचं तसं नव्हतं. ठकीचे लंगोट तो घरी खळबळून घ्यायचा, जाळीच्या पिशवीत घालायचा आणि कामावर न्यायचा. मशीनच्या शेवटच्या घाण्यात पाहुण्यांच्या टॉवेलांबरोबर कामगारांनी आपली एखादी पिशवी टाकली तर तिथले साहेब काणाडोळा करायचे. संध्याकाळी ते लंगोट परत यायचे तेव्हा बघत राहावं असे असायचे. पांढरेशुभ्र, सुगंधी, आणि असे मऊ की गालाला लावून बसावंसं वाटे. त्यांच्या घड्या तो हॉटेलातल्या टेबलावरच्या नॅपकिनसारख्या घालायचा. सासूबाई एक लंगोट हातात घेऊन म्हणाल्या होत्या, "यात मुलीला कसलं गुंडाळता, यात दागिने ठेवा."

"तुमचेही द्या ना," तो मला म्हणाला होता. "एका पिशवीला दुसरी जड नाही."

मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या नवऱ्याच्या हातात माझ्या मुलाचे ओले लंगोट द्यायचे, आणि ते पाहुण्यांच्या टॉवेलांत फिरणार, याचाच मला संकोच वाटला. माझा नवरा म्हणाला, "बरोबर आहे. त्या पाहुण्यांना कळलं तर?"

"पाहुण्यांच्या टॉवेलांवर काय काय असतं ते सांगू का?" डागदर म्हणाला. "तुमचं पोरगं त्यांच्यापुढे संत आहे."

"नको, जेवायचंय अजून," नवरा म्हणाला.

"आणि मऊपणा बघा. शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर जातो. पाहुण्यांना एक माप. ठकीच्या पिशवीवर मी वरून हाताने अजून अर्धं ओततो. तिला पाहुण्यांपेक्षा कमी कशाला?"

आम्ही हसलो. त्याच्या घरात त्या दिवसांत खरंच सगळं नीट चाललं होतं. बाटल्या ओळीने उपड्या, दुपटी पाळण्याच्या काठावर, बायकोचा व्हिडिओ कॉल आला की ठकी केस विंचरून तयार. "बघ, ठणठणीत आहे का नाही?" तो तिला फिरवून फिरवून दाखवायचा, दुकानदार माल दाखवतो तसा. तिकडून बायको म्हणायची, "अरे, तिला घेरी येईल."

मग पुरळ आलं.

आधी नुसता लालसरपणा. असा तर सगळ्यांच्या मुलांना येतो, माझ्याही मुलाला आला होता, मलम लावलं, गेला. ठकीचा जाईना. पाळणाघरातल्या दिवसांत कमी व्हायचा आणि सुटीनंतर वाढलेला असायचा. एका सोमवारी सकाळी काकूंनी दारातच तिला उताणी करून बघितलं आणि त्यांचा पारा चढला. मी माझ्या मुलाचे बूट काढत तिथेच बसले होते.

"हे काय केलंय? काल दिवसभर तसंच ठेवलंत का हिला? शुक्रवारी माझ्याकडून गेली तेव्हा कातडी चांगली होती."

"मी तसंच ठेवलं?" डागदराचा चेहरा पडला. "अहो काकू, मी तासातासाला बघतो. कधी कधी तर अर्ध्या तासात लंगोट बदलतो. पोरगी म्हणजे नळ आहे नुसता, बाहेरचे कपडेसुद्धा भिजतात. आता मी तीन-तीन पदर लावतो."

"मग झोपा काढत असाल मध्ये."

"झोप? मला आठवतही नाही ती कशी असते."

"पुरुषमाणसाला या गोष्टी कळत नाहीत, यात तुमचा दोष नाही."

"कळत नाहीत कशा? कातडी तुमच्याकडे खराब होते आणि सुटीत दिसते. आठवडाभर प्लास्टिकात कोंडलेलं विष मोकळं झालं की बाहेर येणारच ना?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं, जणू मी न्यायाधीश. मला दोघांचंही थोडं थोडं पटत होतं. हेच माझं नेहमी होतं. तो पुरेसा बदलत नसेल असंही वाटलं, आणि काकूंकडे डझनभर पोरं, त्या तरी कुठे बघणार, असंही वाटलं. कापडाचा संशय आला नाही. त्याच्या लंगोटांकडे बघून तो कुणालाच आला नसता.

तो त्या दिवसापासून काकूंच्या मागेच लागला. डायपर बंद करा, दिवसाही माझेच लंगोट लावा. झाकणाची बादली मी आणून देतो, रोज मी नेतो, तुम्हाला धुवायचं नाही, वास येणार नाही. काकू नाही म्हणत राहिल्या. तो रोज सकाळी तेच. शेवटी एकदा तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, हिला काही झालं तर हिला घेऊन जातील हो." एवढंच. काकूंनी बादली घेतली. "बाकीच्या आयांनी विचारलं तर मी काय सांगू?" असं त्या पुटपुटल्या, आणि मग माझ्याकडे वळून, "तू काही विचारणार नाहीस ना गं?"

मी नाही म्हटलं.

आता ठकी चोवीस तास कापडात. डागदर खूश होता. आपलं म्हणणं कुणी ऐकलं की माणसाच्या चालण्यात फरक पडतो, तसा त्याच्या पडला होता. पिशवी दुप्पट जड झाली, सॉफ्टनरही त्याने त्या हिशेबाने वाढवला. तिची कातडी दुखरी आहे म्हटल्यावर कापड आणखी मऊ नको का?

आठवड्याच्या आत ठकीची कातडी सोलवटली. मांड्यांच्या सांध्यात पाणी भरलेले फोड आले, ते फुटले. जी मुलगी रडायची नाही ती आता लंगोट सोडायला हात लावला की किंचाळायची. भिंतीपलीकडून ते ऐकताना मी माझ्या मुलाला उगाचच उचलून घ्यायचे. सासूबाई दोन वेळा जाऊन आल्या, खोबरेल लावून आल्या. मग ताप आला. तापात ती दूध घेईना. डागदर तिला चादरीत गुंडाळून हॉस्पिटलात घेऊन गेला, आणि त्यांनी तिला ठेवूनच घेतलं. कातडीतून जंतू आत गेले होते.

तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या. "ओलं राहिल्यामुळे होतं," त्या म्हणाल्या. "कोरडं ठेवायचं असतं."

"मी कोरडंच ठेवतो, डॉक्टर."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. त्यांनी हे वाक्य दिवसातून कितीदा ऐकलं असेल कोण जाणे.

बायकोला कळवावं लागलं. ती नर्स, तिच्यापासून काय लपवणार. ती रडली नाही. औषधांची नावं विचारली, सलाइन कुठल्या हाताला आहे ते विचारलं, आणि म्हणाली, "ताई निघाली आहे."

ठकीचा ताप उतरला त्या दिवशी मी हॉस्पिटलात तिच्याजवळ बसले, म्हणजे त्याला घरी जाऊन अंघोळ करता येईल. मी परत आले आणि सासूबाई तिकडे गेल्या, थोड्या वेळाने तोही जाणार होता. तेवढ्यात दार वाजलं. डागदर. हातात एक लंगोट, अंगात बाह्या दुमडलेला ओला शर्ट, आणि चेहरा असा की मला आधी वाटलं, संपलं सगळं.

"वहिनी, एक मग पाणी द्या."

तो रजेवर होता, हॉटेलची मशीन नव्हती, म्हणून एरवी बादलीत नुसते खळबळून घ्यायचा ते लंगोट त्याने पहिल्यांदाच घरी, नळाखाली धुवायला घेतले होते. आमच्या मोरीवर त्याने तो कोरडा लंगोट दोन्ही हातांत ताणून धरला आणि मला म्हणाला, "ओता."

मी ओतलं. पाणी अळवाच्या पानावरून जावं तसं गेलं. थेंबांच्या गोळ्या झाल्या, घरंगळल्या, कापडाच्या कडेवरून खाली पडल्या. कापड तसंच्या तसं. त्याने ते माझ्या हातात दिलं. कोरडं होतं.

"पाणी पीत नाही," तो म्हणाला. "कळलं का? हे पाणीच पीत नाही. मी तीन पदर लावू दे नाहीतर दहा. सगळं तिच्या अंगालाच राहत होतं."

"पण कशामुळे?"

"सॉफ्टनर! त्याचा थर बसतो धाग्यावर. अहो, वरच्या खोल्यांतून तक्रारी येतात ना आम्हाला, टॉवेल अंग पुसत नाही म्हणून. माप जास्त झालं की टॉवेल पाणी पीत नाही, हे लॉन्ड्रीतल्या नव्या पोरालाही माहीत असतं. मीच शिकवतो त्यांना." तो हसायला लागला. मोठ्याने, डोळे पुसत. "मीच शिकवतो! पण ते टॉवेलाचं ना. हे लंगोट. डोक्यातच आलं नाही."

माझ्या हातात तो लंगोट होता, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की त्याने मला तुमचेही धुऊन देऊ का म्हणून विचारलं होतं. माझा मुलगा वाचला तो माझ्या शहाणपणामुळे नाही, संकोचामुळे. ही गोष्ट आजही मला स्वस्थ बसू देत नाही. म्हणजे मग मी आत्ता जे जे नीट करते आहे असं मला वाटतं, त्यातलं काय काय असं असेल?

तो मात्र आनंदात होता. खरंच आनंदात. कारण सापडलं होतं. कातडीचा आजार नव्हता, त्याचा आळस नव्हता, काकूंचाही दोष नव्हता. एक बाटली बंद केली की झालं. "कढत पाण्यातून चार-पाचदा काढले की थर जातो. उद्यापासून साधं पाणी. दिवसा डायपर, घरी कापड, पहिल्यासारखं. बस!" त्याला हे लगेच बायकोला सांगायचं होतं. त्याच्या फोनची बॅटरी हॉस्पिटलातच संपली होती, म्हणून त्याने माझा फोन मागितला. मी द्यायला नको होता की काय, कोण जाणे. पण तो दहा मिनिटांनी दुसऱ्या कुठल्या फोनवरून बोललाच असता.

ती पडद्यावर आली, नर्सच्या कपड्यांत, मागे कुठलातरी लांब व्हरांडा.

"अगं, सापडलं!" तो म्हणाला आणि सगळं सांगितलं. एका दमात, हात हलवत, मध्ये लंगोट दाखवत. मी स्वयंपाकघरात गेले, पण आमचं घर केवढं, तिथेही सगळं ऐकू येत होतं.

त्याला वाटलं फोन अडकला. "हॅलो? दिसतोय का मी?"

"दिसतोयस."

"मग बोल ना काहीतरी."

"किती दिवस टाकत होतास?"

"पहिल्यापासूनच. पण थोडं थोडं. मग नंतर तिची कातडी दुखायला लागली म्हणून..."

"म्हणून जास्त टाकलंस."

"हो."

"म्हणजे मी इथे लोकांना सांगत होते की डायपर वाईट, पाळणाघर वाईट, काकू लक्ष देत नाहीत. आणि तूच करत होतास."

"अगं, मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असतंस तर मी म्हटलं असतं थांबव." तिचा आवाज फार शांत होता. "तुला माहीत होतं रे. तुझ्याच कामातलं होतं. आणि तरी तुला दिसलं नाही. मग जे तुझ्या कामातलं नाही, ते तुला कसं दिसेल?"

या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हापासून शोधते आहे. तो गप्प बसला असता तर सगळ्यांनी उन्हाळ्याला, प्लास्टिकला, नाजूक कातडीला दोष दिला असता आणि ठकी घरी आली असती. खरं सांगितल्यामुळे ती गेली.

"ताईबरोबर पाठव तिला," ती म्हणाली. "आपलं ठरलं होतं."

ताई आली. मी एखादी तोऱ्यातली बाई येईल अशी तयारी ठेवली होती. आली ती साधी, गुडघे धरून जिना चढणारी बाई. तिने ठकीला घेतलं ते इतक्या सवयीने, की ठकी लगेच तिच्या खांद्यावर मान टाकून झोपली. डागदर ते बघत उभा होता.

"असं तोंड करू नका," ताई त्याला म्हणाली. "मी काही पळवून नेत नाहीये तिला. पूर्ण बरी होऊ दे, थोडं बाळसं धरू दे. मग या आणि घेऊन जा. मीच तुमच्या बायकोला समजावते. झालं?"

"झालं, ताई."

त्याने सामान भरलं. लंगोट त्याने दोन रात्री जागून उकळत्या पाण्यातून काढले होते, पाणी पिणारे झाले होते ते, त्याचं मला दाखवूनही झालं होतं. त्यांची घडी त्याने पिशवीत वर ठेवली. ताईने ती काढून टेबलावर ठेवली. "हे राहू द्या इथे. मी आपली डायपरच वापरेन. माझं वय झालं, धुणं होत नाही." तिने ते अगदी प्रेमाने म्हटलं. तिला काही सुचवायचं नव्हतं, याची मला खात्री आहे. पण त्याने ती घडी उचलली आणि आत नेऊन ठेवली, चोरीचा माल परत ठेवावा तशी.

त्यानंतर जिन्यात तो भेटायचा, पण बोलायचा नाही. भिंतीपलीकडे फक्त संध्याकाळचा फोन ऐकू यायचा. "ठकी? इकडे बघ. बाबा. बघ ना." पलीकडून ताईचा आवाज, "अगं, बघ की तिकडे." मग बराच वेळ पंख्याचा आवाज. काकूंनी ठकीचा पाळणा काही दिवस रिकामा ठेवला होता. मग दुसरं बाळ आलं. तसं त्यांनी डागदराला रस्त्यात थांबवून सांगितलं, आणि "तुमची आली की करते मी काहीतरी" असंही म्हणाल्या.

हॉटेलात त्याचं बिनसलं. माझ्या नवऱ्याला लॉन्ड्रीतला एक जण भेटला होता, तो सांगत होता. डागदर आता प्रत्येक टॉवेल हातात घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघतो. एकेक. मागे ढीग पडतो, वरून फोन येतात. साहेबांनी दोनदा समजावलं. मग त्याला डाग काढायच्या टेबलावरून उठवलं आणि घड्या घालायला बसवलं. तिथे डोकं लागत नाही. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही म्हणे. उलट हलका झाल्यासारखा वाटला.

थंडी संपली तसा तो ठकीला आणायला गेला. जायच्या आदल्या दिवशी त्याने घर धुऊन काढलं, खिडक्यासुद्धा. माझ्याकडे येऊन विचारून गेला की आता ती भात मऊ खाईल की नुसता मोकळाही चालेल. मी सांगितलं. सासूबाईंनी एक झबलं दिलं. जाताना तो जिन्यात पहिल्यासारखा चालत होता.

तिसऱ्या दिवशी तो एकटा परत आला. मी मुलाला घेऊन पाळणाघरातून येत होते, तो आमच्या मजल्यावर स्वतःच्या दाराशी किल्ली हातात घेऊन बसला होता. मुलगा त्याच्याकडे धावला. त्याने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"काय झालं, भाऊजी? ताई नाही म्हणाल्या?"

"छे. त्यांनी सामान बांधून ठेवलं होतं. दारापर्यंत सोडायला आल्या." त्याने किल्ली दुसऱ्या हातात घेतली. "मी उचललं तर दोन्ही हातांनी ढकललं मला. रडून रडून निळी झाली. ताईंकडे बघून आई आई करत होती."

"लहान आहे हो. दोन दिवसांत रुळली असती."

"असती," तो म्हणाला. "तेच ताई म्हणाल्या. मी म्हटलं, जायच्या आधी एकदा लंगोट... म्हणजे डायपर, बदलून घेतो. तेवढं मला करू दिलं तिने. कातडी बघितली, वहिनी. एकदम साफ. कुठे काही झालं होतं असं सांगूनही कोणाला पटणार नाही. मी किती वेळ बघत बसलो. मग मला वाटलं, आता हिला इथून कशाला हलवायचं? मी काय करणार आहे हिचं?"

"तुम्हाला आता कळलंय ना सगळं."

"एक कळलं," तो म्हणाला. "त्याच्या मागे अजून काय आहे ते कुठे कळलंय?"

माझ्या मुलाने त्याच्या पिशवीत हात घातला होता. मी त्याला ओढून घेतलं. डागदर उठला, कुलूप उघडलं आणि दारात वळला.

"ठकीच्या आईला फोन केला होता बसमधून," तो म्हणाला. "ती म्हणाली, पोरगी तिथे बरी आहे तर मग मी इथला करार अजून दोन वर्षं वाढवून घेऊ का?"

"मग?"

"मी म्हटलं, घे."